जोड विजोड असेल तेव्हा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. मुलगा 13 वर्षांचा, 41 किलोत खेळतो, दोन वर्षं तालमीत जातोय. गेल्या दोन स्पर्धांत समोर मिसरूड फुटलेला, दंड भरलेला मुलगा आला आणि आपला खडाखडीतच, म्हणजे सुरुवातीच्या हाताच्या झटापटीतच, गारठला. मिनिटभरात 10-0. तिसऱ्या वेळी उलटं झालं. समोरचा अगदी नवखा, हा 6-0 पुढे, मग गंमत करायला गेला आणि चितपट झाला. घरी येऊन जेवला नाही. तुम्ही विचारता की असल्या विजोड जोडीला पोरानं कसं सामोरं जावं, आणि आदल्या रात्री त्याला काय सांगावं.

आदल्या रात्री काही सांगू नका. खिचडी-तूप वाढा आणि साडेनऊला दिवा मालवा. जे सांगायचं ते दीड महिना आधी आखाड्यात सांगायचं असतं, तेही हातापायांनी. कानात सांगितलेलं मॅटपर्यंत पोचत नाही, हे मी बावीस वर्षं पोरं शिकवून, आणि त्यातली निदान सात-आठ वर्षं चुकीचं शिकवून शिकलोय.

आधी जोड विजोड होते कशी ते बघू. आंतरराष्ट्रीय नियमांत 15 वर्षांखालच्या मुलांचे हलके गट 38, 41, 44, 48 असे चढत जातात. म्हणजे वजनात फार तर तीन-चार किलोंचा फरक. कागदावर जोड बरोबरीची. तरी तुमच्या मुलाला समोर राक्षस दिसला, आणि त्याच्या डोळ्यांनी त्याला फसवलं नाही. या वयात वाढीचं घड्याळ प्रत्येकाचं वेगळं. मुलगे साधारण 13-14 च्या आसपास सर्वांत भराभर उंच होतात, पण कुणाचं ते बाराव्या वर्षी होतं, कुणाचं पंधराव्या. ताकद येते ती उंचीच्या मागून. त्यात वयोगट जन्मसालावर ठरतो, म्हणजे जानेवारीतला आणि डिसेंबरातला एकाच रांगेत, मध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर. 41 किलोतला एक अजून बाळसेदार असतो, दुसऱ्याच्या अंगावर तेवढ्याच वजनाचा नुसता पीळ. काट्याला दोघं सारखेच.

त्यामुळे 'तो ताकदवान आहे' या वाक्यावर मी लगेच विचारतो, कशानं? दंडानं? उंचीनं? मॅटवर जास्त वर्षं काढली आहेत म्हणून? पवित्रा उलटा आहे, डावा पाय पुढे ठेवतो, म्हणून आपल्याला सुचत नाही? की जर्सीवर हरियाणा लिहिलंय म्हणून? शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. शालेय राष्ट्रीय स्पर्धेत आमची पोरं समोरच्याच्या पाठीवरचं नाव वाचून अर्धी कुस्ती तिथंच हरलेली मी पाहिली आहेत.

आणि त्यात माझाही हात होता. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक पठ्ठा होता. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला खाली घेणं, असा काढायचा की बघत राहावं. एका स्पर्धेत सोडतीचा कागद बघून मी त्याच्या कानाशी लागलो, 'पुढचा नॅशनल खेळून आलाय, सांभाळून.' पोरगं सांभाळून खेळलं. इतकं सांभाळून, की सबंध कुस्तीत एकदाही पटात शिरलं नाही. खाली उतरल्यावर मला म्हणतो, 'सर, पेलो तो बहु मजबूत छे.' (म्हणजे, तो तर फार मजबूत आहे. गुजराती घरचा होता. आमच्या तालमीत निम्मी पोरं गुजराती आहेत. डावांची नावं आणि शिव्या मात्र सगळे मराठीत शिकतात.) मी म्हटलं, तुला काय माहीत, तू तर त्याला नीट हातही लावला नाहीस. तर म्हणाला, 'तुम्हीच तर सांगितलंत.'

तेव्हापासून मी सोडतीचा कागद पोरांना दाखवत नाही आणि समोरच्याला विशेषण लावत नाही. पोराला काम सांगतो. एक किंवा फार तर दोन. काम असं हवं की ते झालं की नाही हे हरला-जिंकला याशिवाय मोजता यावं. 'पहिल्या मिनिटात दोनदा त्याचं मनगट धर.' 'खाली गेलास तर पोट मॅटला लाव, आणि तो एकदाही तुला फिरवू शकला नाही पाहिजे.' कुस्ती हरूनही काम झालं असेल तर मी शाबासकी देतो. जिंकूनही झालं नसेल तर परतीच्या बसमध्ये त्यावर बोलणं होतं. पालकांना सुरुवातीला हे विचित्र वाटतं. एका आजोबांनी मला विचारलं होतं, पोरगं हरलंय आणि तुम्ही पाठ कसली थोपटता?

आता तुमच्या मुलाच्या त्या 10-0 कडे येतो. मी तिथं नव्हतो, पण पैजेवर सांगतो, त्यातले आठ गुण खाली पडल्यावर गेले असणार. हिशेब बघा. समोरच्यानं पट काढून खाली घेतलं, 2 गुण. मग कमरेला मिठी मारून भारंदाजावर एकदा फिरवलं, 2. पुन्हा फिरवलं, 2. पुन्हा, आणि पुन्हा. दहाचा फरक पडला की फ्रीस्टाइलची कुस्ती तिथंच संपते. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत होतं. म्हणजे समोरच्याच्या दंडातल्या ताकदीनं खरे गुण घेतले दोन. उरलेले आठ आपल्याला खाली पडून कसं राहायचं हे येत नसल्यामुळे गेले. ताकद सहा महिन्यांत येत नाही, खाली पडून राहणं मात्र सहा आठवड्यांत येतं.

बडोद्यातच नव्हे, मातीतून आलेल्या सगळ्याच पोरांचा हा दुखरा भाग आहे. मातीत पडलास तर काही बिघडत नाही, पाठ लागली नाही म्हणजे झालं. त्यामुळे पोरगं खाली गेलं की मनातून निवांत होतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण 1910 सालचं आहे. लंडनमध्ये आपल्या गामा पैलवानासमोर पोलंडचा मल्ल झ्बिश्को उभा राहिला, वजनानं गामापेक्षा बराच जड. पण गामाचा पहिला झपाटा बसल्यावर तो खाली गेला आणि अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सोडावी लागली. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं तर हा आलाच नाही. 1928 मध्ये पतियाळात दोघं परत भेटले तेव्हा गामानं मिनिटाच्या आत निकाल लावला. मी पोरांना विचारतो, आजच्या नियमांत झ्बिश्को किती वेळ टिकला असता? पोरं बोटांवर मोजतात, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, 'अर्धा मिनिट.' तो तसा पडून राहिला असता तर बहुधा खरंच आहे.

तर खाली पडल्यावरचं काम. पडताक्षणी नितंब जड करायचे, पोट मॅटला, पाय फाकलेले, कोपरं बरगड्यांना घट्ट. त्याची मिठी कमरेवरून वर बरगड्यांकडे सरकू द्यायची नाही, कारण भारंदाज बसतो तो तिथून. तो ज्या बाजूला फिरवतोय त्या बाजूचा हात आधी टेकवून ठेवायचा. पायांकडे गेला तर घोटे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, गुडघे लांब ठेवून पुढे सरकायचं, नाहीतर फितले लावून, म्हणजे दोन्ही घोटे एकत्र आवळून, तो भोवऱ्यासारखं फिरवेल. आणि धीर धरायचा. खाली काही होत नाही असं दिसलं की पंच लवकरच उभं करतात. आमच्याकडे रोज सराव संपताना दहा मिनिटं फक्त हेच चालतं. एक खाली, वरच्याला वीस सेकंद, फिरवलंस तर तू जिंकलास, नाही फिरवलंस तर तो. ज्या पोरांना उभ्या कुस्तीत कुणी विचारत नाही ती यात राजे होतात, आणि मग उभ्या कुस्तीतही त्यांची मान वर येते.

उभ्या कुस्तीबद्दल बोलताना मला बडोद्याच्या कमाटीबागेत जावं लागतं. वर्षातून एकदा मी पोरांना तिथल्या म्युझियममध्ये गामाचा दगड बघायला नेतो. 23 डिसेंबर 1902 ला गामानं तो आपल्या बडोद्यात उचलला. वजन 1200 किलो सांगतात, त्यावर पोरं दरवर्षी भांडतात, मी भांडू देतो. माझा मतलब दगडाशी नसतोच, गामाच्या उंचीशी असतो. साडेपाच फुटांवर दोन बोटं. आणि त्याचा खरा जोडीदार रहीम सुलतानीवाला जवळजवळ सात फुटी. दोघांच्या कुस्त्या बरोबरीत सुटत राहिल्या आणि शेवटी अलाहाबादेत गामानं बाजी मारली. मी पोरांना तिथंच उभं करतो. सगळ्यात उंच पोरगं एकीकडे, सगळ्यात ठेंगू समोर. आता सांगा, गामानं काय केलं असेल? 'ताकद लावली' असा गलका होतो. कुठं लावणार? मानेपर्यंत हात पोचत नाही. मग जरा वेळानं कुणीतरी म्हणतं, 'खाली गेला असेल.' दगडापाशी मी एवढंच करून घेतो, बाकी तालमीत.

उंच मुलाशी खेळताना आमच्या पोरांची ठरलेली चूक म्हणजे लांबून झेप. लांब हातांचा मुलगा त्याच झेपेची वाट बघत असतो. तो पाय मागे फेकतो, छाती तुमच्या पाठीवर टाकतो आणि गर्दनखेच करून बसतो. त्याच्या हातांच्या टप्प्यात उभं राहणं हाच धोका, म्हणून एकतर पूर्ण बाहेर राहायचं नाहीतर पूर्ण आत. मधल्या जागेत रेंगाळायचं नाही. आत जायचं ते त्याच्या हातातून वाट काढून. आधी मनगट, मग कोपर, कोपर वर ढकललं की बगलेखाली खिडकी उघडते, तिथून बगलडूब. किंवा त्याचा एक हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चालवायचं. उंच मुलाचा एक हात अडकला की त्याची अर्धी उंची गेली. गुडघ्याच्या वर पट धरायच्या भानगडीत पडू नये, उंच मुलाचा पाय लांब असतो, तो त्याच पायानं तुम्हाला ढकलतो. घोट्याजवळ जावं.

ठेंगण्या, गुटगुटीत मुलाशी याच्या बरोबर उलट. त्याच्या उंचीला वाकलात की तुम्ही त्याच्या घरात गेलात. कपाळ त्याच्या कपाळावर, मानेवर हाताचा भार, त्याला खाली बघायला लावायचं आणि बाजूनं फिरायचं.

आणि नुसता दंडाचा जोर जास्त असेल तर? छातीला छाती लावायची नाही, कंबर द्यायची नाही, आणि सरळ रेषेत मागे हटायचं नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ताकदवान मुलगा ढकलतो, आपला मागे मागे जातो आणि वर्तुळाबाहेर पाय पडला की 1 गुण. असे तीन-चार गुण नुसते चालत जाताना जातात. मी तालमीत मॅटच्या कडेला खडूनं पट्टा आखतो आणि पोरांना फक्त त्या पट्ट्यात खेळायला लावतो. ढकलणाऱ्याला वळसा घालून त्यालाच कडेला उभं करायचं, हे एकदा अंगवळणी पडलं की जोरदार मुलाचा जोरच त्याला बाहेर नेतो. ही कला बुटक्या पोरांना चटकन येते, का कोण जाणे.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे बचावच शिकवायचा? इथे मला 6 ऑगस्ट 2024 ची पॅरिसमधली कुस्ती आठवते. विनेश फोगाट आणि जपानची युई सुसाकी, 50 किलो. सुसाकी तोपर्यंत आंतरराष्ट्रीय मॅटवर एकदाही हरलेली नव्हती. विनेशनं तिला पटच दिला नाही. निष्क्रियतेचे दोन गुण गेले, तरी शेवटच्या काही सेकंदांपर्यंत ती 0-2 वरच होती. मग एकच शिरकाव, 2-2, बरोबरीत मोठ्या गुणाचा डाव वरचढ धरतात म्हणून ती पुढे, जपानच्या बाजूनं पंचांच्या निर्णयाला दिलेलं आव्हान फेटाळलं गेलं तो आणखी एक गुण, 3-2. पोरांना मी ही कुस्ती दाखवतो ती एका कारणासाठी. 0-2 नं मागे असणं आणि 0-8 नं मागे असणं यात कुस्ती जिवंत असण्या-नसण्याचा फरक आहे.

पण तेरा वर्षांच्या मुलानं ती जशीच्या तशी उचलू नये. ती तिशीच्या उंबरठ्यावरच्या, दोन ऑलिंपिक आधीच खेळलेल्या मल्लाची आखणी होती. पोराला फक्त बचाव शिकवला तर तो बचावच करत राहतो आणि अठराव्या वर्षी त्याच्याकडे स्वतःचा एक डाव नसतो. म्हणून ताकदवान जोडीसमोर माझ्या दोन कामांतलं एक काम नेहमी चढाईचं असतं, दर मिनिटाला एकदा खरा पट. लागला नाही तरी चालेल, पण खरा. नुसता गुडघा टेकून परत उठायचं नाटक मला ओळखता येतं.

रवी दहियाची टोकियोतली उपांत्य कुस्तीही दाखवतो, 57 किलोची. कझाकस्तानच्या सनायेवसमोर तो एका क्षणी 2-9 असा मागे होता आणि शेवटी त्यानं समोरच्याला चीत केलं. फळ्यावर आकडे लिहून विचारतो, 2-9 वर किती गुण गेले असते तर कुस्ती थांबली असती? तीन.

आता ती तिसरी कुस्ती, जी तुम्ही प्रश्नात एका ओळीत उरकलीत. माझ्या मते तुमच्या मुलाचा खरा आजार तिथं आहे. बलवान मुलाकडून हरणं वाढीनं बरं होतं. कमजोर जोडीसमोर सैल होणं वाढीबरोबर वाढतं.

काय होतं ते सांगतो. समोरचा नवखा आहे हे पोराला पहिल्या दहा सेकंदांत हाताला कळतं. पट सहज लागतो, दुसराही लागतो. मग गॅलरीतले मित्र आठवतात आणि मोबाइलवर पाहिलेला कलाजंग, समोरच्याला खांद्यावर घेऊन टाकायचा डाव, आठवतो, जो सरावात दहादा केला तर दोनदा जमलेला असतो. तो करायला जातो, समोरचा घाबरून नुसता त्याच्या मानेला लोंबकळतो, दोघं कोसळतात आणि आपला खाली. नवख्या मुलाचा धोका हाच की तो पुस्तकाप्रमाणे पडत नाही. चांगला मल्ल कुठं हात टाकेल हे तुम्हाला माहीत असतं, नवखा कुठंही टाकतो.

म्हणून कमजोर जोडीलाही काम द्यायचं, आणि ते बलवान जोडीइतकंच काटेकोर. मी असं देतो. चढाई फक्त तुझ्या दोन पक्क्या डावांनी. खाली घेतलंस की लगेच फिरव, उठून परत टाळ्या घ्यायला उभं राहायचं नाही. 6-0 झालं की कुस्ती 0-0 आहे असं समजून सलामीपासून परत सुरू कर, मनातल्या मनात. आणि लवकर संपव. काही पालकांना वाटतं नवख्यावर दया दाखवून गुण देऊन खेळावं. समोरच्या पोराला ते कळतं आणि त्याला ते 10-0 हून जास्त लागतं. नीट, स्वच्छ, लवकर, आणि नंतर हात मिळवून त्याच्या वस्तादाच्या पाया पडायचं.

दुसरी बाजूही आहे, इजेची. तालमीत माझा नियम आहे की उचललंस तर ठेवायची जबाबदारी तुझी. आपल्यापेक्षा हलक्या, कच्च्या मुलाला उचलून सोडून दिलं की मी त्या पोराला आठवडाभर कुस्ती देत नाही, नुसता मॅट पुसायला लावतो. दोन्ही बगलांतून हात घालून मान दाबण्याचा प्रकार तर 15 आणि 17 वर्षांखालच्या गटांत नियमानंच बंद आहे, पण गावातल्या जत्रेत खेळून आलेली पोरं तो सर्रास करतात. तुमचा मुलगा करत असेल तर आजच थांबवा. तो जिंकेल, समोरच्याची मान जाईल.

सरावाचं थोडं. बरोबरीचा जोडीदार रोज मिळत नाही, आपल्या तालमीत तर नाहीच. म्हणून विजोड जोडीचाच उपयोग करतो. मोठ्या मुलाला बेडी घालायची. तू फक्त डाव्या बाजूनं खेळणार. तुझा आवडता डाव आज बंद. तू सुरुवात खालून करणार. तू 0-4 मागे आहेस आणि एक मिनिट उरलंय. मोठ्याला यातून स्वतःची कमजोर बाजू कळते आणि छोट्याला जिंकायची खरी संधी मिळते. माझे स्वतःचे वस्ताद तर आमच्याशी धरायचे तेव्हा मुद्दाम डाव खायचे, पण नीट केलेलाच. अर्धवट पट असेल तर डोंगरासारखे उभे राहायचे, पाय बरोबर पडला की स्वतःच पाठीवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं म्हातारा पडला.

पण बेडी घातली तरी वजनाला मर्यादा हवी. माझा अंदाजानं बांधलेला नियम असा की पोरापोरांत दहा टक्क्यांहून जास्त फरकाची मोकळी कुस्ती नाही. 41 किलोच्या मुलाला 45 पर्यंत. त्यावरच्या मुलाशी फक्त ठरवून दिलेला सराव, हळू. वाढत्या वयात हाडांच्या टोकांना जिथं वाढ होते तो भाग कच्चा असतो, आणि मोठ्याचं अंग मनगटावर किंवा खांद्यावर आडवं पडलं तर तो भाग आधी जातो. पूल बांधून, म्हणजे डोकं नि पाय टेकून कमान करून, पाठ वाचवणाऱ्या छोट्याच्या छातीवर जड मुलानं भार टाकणं, हे दिसलं की मी शिट्टी वाजवतो, गुण गेले खड्ड्यात.

मुलींचंही तेच, किंबहुना जास्त. आमच्याकडे मुली थोड्या, म्हणून त्यांना मुलांशी धरावं लागतं. अकरा-बारापर्यंत फारसा फरक पडत नाही, कधी मुलीच वरचढ असतात. पुढे मुलगे भराभर जोर धरतात. तेव्हा जोडीदार मी निवडतो, मुलीला आणि तिच्या घरच्यांना विचारून, आणि समोरचा मुलगा समजूतदार असेल असाच.

मैदानात नाही म्हणायलाही शिका. गुजरात सरकारच्या खेल महाकुंभात किंवा शालेय स्पर्धेत निदान काटा असतो. जत्रेच्या दंगलीत जोड डोळ्यांनी लावतात, आणि लावणाऱ्याचे डोळे कधी बक्षिसावर असतात, कधी गर्दीवर. मी सोळाचा होतो तेव्हा एका दंगलीत मला विशी ओलांडलेल्या गड्याशी लावला. कुणी थांबवलं नाही, मीही शड्डू ठोकून उभा राहिलो. गळ्याचं हाड मोडलं आणि ते वर्ष गेलं. आज माझ्या पोरासाठी तशी जोड लागली तर मी हलगी चालू असतानाच मातीच्या हौद्यात उतरून त्याला बाहेर आणतो. लोक हसतात. 'बडोदेवाले घाबरले' असं एकदा माइकवरून म्हणाले. त्या पोरानं पुढच्या वर्षी त्याच मैदानात दोन कुस्त्या मारल्या, पण त्यानं मी बरोबर ठरलो असंही नाही. नसत्या मारल्या तरी मी त्याला बाहेरच काढलं असतं.

एक मोह तुम्हाला होईल, तो आधीच सांगून ठेवतो. 'वजन उतरवून 38 मध्ये खेळवू का, तिथं पोरं लहान असतील.' नको. या वयात पाणी तोडून, उपाशी ठेवून वजन उतरवणं म्हणजे वाढीच्या ताटातला घास काढणं. विनेशचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. सुसाकीला हरवल्याच्या दुसऱ्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरले. ती तर सगळी फौज बरोबर असलेली मल्ल. तुमचा मुलगा 41 त भरतो, 44 कडे चालला असेल तर जाऊ द्या. तिथं काही महिने हरेल.

स्पर्धेच्या दिवशी तुम्ही गॅलरीत बसा आणि हात मांडीखाली ठेवा. हे मी थट्टेनं सांगत नाही. दोन मिनिटांचे दोन भाग, मध्ये 30 सेकंद विश्रांती. त्या 30 सेकंदांत मी पहिले दहा काही बोलत नाही, श्वास बसू देतो, टॉवेल फिरवतो. मग एक वाक्य. त्याच वेळी वरून वडिलांचं 'पट काढ, अरे पट काढ' आलं तर पोराच्या कानात दोन वस्ताद होतात आणि तो कुणाचंच ऐकत नाही.

तुमच्या मुलासाठी मी पुढचे सहा आठवडे असे लावीन. पहिले दोन आठवडे उभी कुस्ती जवळजवळ बंद, रोज खाली पडून राहण्याचं काम, वरून त्याच्याहून थोडा जड मुलगा. त्या वेळी त्याला विचारू नका किती वेळा फिरला, तो स्वतःच मोजतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कडेचा पट्टा आणि एकेरी पट, फक्त एकेरी. मधे आठवड्यातून एकदा त्याच्याहून नवख्या मुलाला तो स्वतः शिकवेल, कारण कच्च्या अंगाला हात कसा लावायचा हे शिकवण्याइतकं दुसऱ्या कशानं कळत नाही. पाचव्यात बेड्या घातलेल्या कुस्त्या. सहाव्यात हलका सराव.

सध्याच्या वस्तादांना हे दाखवा, त्यांना पटलं तर त्यांच्याकडेच करा. तालीम बदलायची घाई नको. नाही जमलं तर रविवारी सकाळी सहाला घेऊन या. नखं कापलेली हवीत, पोट रिकामं नको, केळं खाल्लेलं चालेल. आणि येताना वाटेत त्याला सांगू नका की तुम्ही मला त्याच्या 10-0 बद्दल विचारलं होतं.